एकाच घरात किडनीचे दोन रुग्ण : चार वर्षांचा मुलगा आणि अडुसष्ट वर्षांची आई

खाडीकाठ

नमस्कार. आम्ही देवगड तालुक्यात राहतो. माझ्या आईला अनेक वर्षांपासून मधुमेह आहे. आता तिचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने रक्तातून बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ) २.८ वर गेले असून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा, साधारण १८ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले आहे. मीठ, पोटॅशियम आणि प्रथिने यांवर त्यांनी मर्यादा घातली आहे.

हे चालू असतानाच माझ्या चार वर्षांच्या मुलाच्या पापण्या रोज सकाळी सुजलेल्या दिसू लागल्या. पुढे चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ कमरेवर दुपारपर्यंत तसाच राहू लागला आणि पोट फुगले. कणकवलीच्या बालरोगतज्ज्ञांनी लघवी तपासून नेफ्रोटिक सिंड्रोम असल्याचे निदान केले आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड सुरू केले. त्याचे क्रिएटिनिन ०.३ आहे.

तेव्हापासून आईने स्वतःचे पथ्य नातवालाही लागू केले आहे. त्याची अंडी, मासे आणि डाळ बंद झाली आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण दोघांसाठी शहाळी घेऊन येतो आणि जाताना मुलाला डायालिसिस कधीपासून लागणार हे विचारतो. हे दोन्ही आजार एकाच मार्गाने जातात का? पथ्य एकच असते का? आणि मुलाच्या बाबतीत पुढे काय अपेक्षा ठेवावी? अनुभवी सदस्यांनी कृपया लिहावे.

भरतीओहोटी

वैद्यकीय उत्तर जाणकार देतीलच. तोवर येणारी शहाळी मोजून ठेवा, हंगामात विक्रीला काढता येतील. आमच्या वाडीत दर घरामागे एक रुग्ण आणि तीन वैद्य असतात, त्यामुळे तुमची अवस्था समजू शकतो.

सुरंगी

खाडीकाठ, मी बालरोगतज्ज्ञ आहे. तुमच्या मुलाला मी तपासलेले नाही, त्यामुळे औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच राहील. तुमच्या मुख्य प्रश्नाचे उत्तर मात्र स्पष्ट देता येते. हे दोन आजार एका अवयवाचे असले तरी त्यांची जात वेगळी आहे.

मधुमेहाने आईंच्या मूत्रपिंडातील गाळण्या वर्षानुवर्षे झिजत आल्या आहेत आणि त्यांपैकी बऱ्याच कायमच्या निकामी झाल्या आहेत. मुलाच्या गाळण्या शाबूत आहेत. त्यांची जाळी सैल झाल्यामुळे रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे वाहून जाते, ते कमी झाले की पाणी रक्तवाहिन्यांत टिकत नाही आणि अंगावर सूज येते. या वयात बहुतेकदा ‘मिनिमल चेंज’ नावाचा प्रकार आढळतो आणि त्यात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मूत्रपिंड जवळजवळ निरोगी दिसते. म्हणूनच वय, रक्तदाब आणि रक्ततपासणी नेहमीच्या चौकटीत बसत असेल तर मुलांमध्ये बायॉप्सी (मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासणे) न करता थेट स्टेरॉईड सुरू करतात.

आपल्याकडील प्रचलित पद्धतीनुसार पहिल्या वेळी प्रेडनिसोलोन दर किलो वजनामागे २ मिलिग्रॅम, कमाल ६० मिलिग्रॅम, असे सहा आठवडे रोज देतात आणि नंतर दीड मिलिग्रॅम, कमाल ४० मिलिग्रॅम, सहा आठवडे एक दिवसाआड देतात. या वयोगटातील ८० ते ९० टक्के मुलांची लघवी पहिल्या काही आठवड्यांतच प्रथिनमुक्त होते. निम्म्याहून अधिक मुलांना आजार पुन्हा उलटतो, बहुतेकदा सर्दी-तापाच्या निमित्ताने. तरीही ज्यांना स्टेरॉईड लागू पडते, त्यांच्यातील फारच थोड्यांची मूत्रपिंडे निकामी होतात आणि बहुतेक मुले पौगंडावस्थेपर्यंत या आजारातून बाहेर पडतात. खरी काळजी असते ती स्टेरॉईडला दाद न देणाऱ्या लहान गटाची. त्यांना बायॉप्सी, काही वेळा जनुकीय चाचणी आणि टॅक्रोलिमससारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागतात. त्यांतील काहींवर पुढे डायालिसिसची किंवा प्रत्यारोपणाची वेळ येऊ शकते.

तेव्हा पाहुण्यांना सांगा की त्याच्या बाबतीत आजचा प्रश्न डायालिसिसचा नसून औषधाला प्रतिसाद किती दिवसांत मिळतो, हा आहे. आणि औषध मनाने अचानक बंद करू नका.

करवंद

माझी मुलगी तीन वर्षांची असताना हे निदान झाले. आता ती चौदा वर्षांची असून गेली काही वर्षे औषधाविना आहे. मधला काळ मात्र सोपा नव्हता. एका वर्षात आजार चार वेळा उलटला, मग लेव्हामिसोल नावाचे औषध सुरू झाले आणि स्टेरॉईडचा डोस हळूहळू खाली आला.

रोज सकाळी घरच्या घरी लघवी तपासणे हे आमच्या उपचारातील सर्वांत महत्त्वाचे काम होते. तपासणीच्या पट्ट्या गावात मिळत नसत, म्हणून डॉक्टरांनी परीक्षानळीची जुनी पद्धत शिकवली. नळी पाऊण भरायची, तिरकी धरून फक्त वरचा भाग ज्योतीवर तापवायचा आणि गढूळपणा आला तर पातळ ॲसिटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. गढूळपणा गेला तर ते क्षार असतात, राहिला तर प्रथिने. खालचा न तापवलेला भाग स्वच्छ असल्यामुळे दोन्हींतील फरक लगेच कळतो. नळीमागे छापील कागद धरला आणि अक्षरे वाचता आली नाहीत की आमच्या पोटात गोळा येई. सलग तीन दिवस ‘तीन अधिक’ (+++) किंवा त्याहून जास्त प्रथिने आली तर आजार उलटला असे समजून फोन करायचा, हा नियम होता. वहीत तारीख, लघवीचा निकाल, गोळीचा डोस आणि ताप-सर्दी हे चार रकाने ठेवा. नवीन डॉक्टरांसमोर ती वही हजार शब्दांचे काम करते.

स्टेरॉईडने चेहरा गोल होतो, भूक खवळते, चिडचिड वाढते. मुलगी मध्यरात्री उठून भाकरी मागत असे. उंची, रक्तदाब आणि डोळे यांची तपासणी ठरल्या वेळी करत राहा.

तिरफळ

मी आहारतज्ज्ञ आहे आणि पथ्याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या घरात मुलाची उपासमार होत असल्याची शंका येते. ज्या मुलाच्या शरीरातून प्रथिने वाहून जात आहेत त्याची अंडी, मासे आणि डाळ बंद करण्याला काहीही आधार नाही. त्याला वयाच्या मानाने लागणारी पूर्ण प्रथिने मिळाली पाहिजेत. सूज असेपर्यंत आणि स्टेरॉईड चालू असेपर्यंत मीठ मात्र कमी हवे. म्हणजे सुकट, सुका बोंबील, पापड, लोणचे आणि पाकिटातील खारे पदार्थ बंद, आणि ताज्या माशाचे कमी मिठाचे कालवण चालू. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या मुलांचीही प्रथिने मोठ्या माणसांसारखी तोडत नाहीत, कारण त्यांना वाढायचे असते.

आईंचे गणित वेगळे आहे. डायालिसिस नसताना प्रौढांना दर किलो वजनामागे साधारण ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिने सुचवतात. पुढे डायालिसिस सुरू झाले तर हीच मर्यादा उलट वाढवून १ ते १.२ ग्रॅम करावी लागते आणि नेमके तेव्हा घरचे लोक जुन्याच पथ्याला चिकटून बसतात.

आता शहाळे. शंभर मिलिलिटर शहाळ्याच्या पाण्यात साधारण २५० मिलिग्रॅम पोटॅशियम असते, म्हणजे तीनशे मिलिलिटरच्या एका शहाळ्यात ७५० मिलिग्रॅम. ज्यांचे मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकू शकत नाही त्यांना दिवसभरासाठी अनेकदा दोन हजारांच्या आसपासची मर्यादा असते. पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात आणि त्याची पूर्वसूचना मिळेलच असे नाही. ‘लो सोडियम’ म्हणून विकले जाणारे मीठही आईंना देऊ नका, त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम क्लोराईड घातलेले असते. परसातील करमळ, ज्याला बाजारात स्टार फ्रूट म्हणतात, ते तर मूत्रपिंडाच्या रुग्णाने चाखूही नये. त्यातील विषारी घटक निरोगी माणूस लघवीवाटे टाकून देतो, पण या रुग्णांना त्याने न थांबणारी उचकी, भ्रम आणि झटके येऊ शकतात. बिलिंबी या आंबट फळाचा रस कोलेस्टेरॉलसाठी पिणाऱ्यांची मूत्रपिंडे त्यातील ऑक्झॅलेट या क्षारामुळे बिघडल्याच्या नोंदी केरळातून आल्या आहेत.

पडवीतला काका

तिरफळ यांच्याशी मी सहमत नाही. भातलावणीच्या दिवसांत मला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुसंसर्गाचा ताप) झाला, मूत्रपिंडे बंद पडल्यासारखी झाली आणि थोडे दिवस डायालिसिसही करावे लागले. त्या वेळी रुग्णालयातील डॉक्टरांनीच मला शहाळ्याचे पाणी घ्यायला सांगितले होते. आज माझे क्रिएटिनिन १ आहे. मग शहाळे विष कसे?

सुरंगी

काका, तुमच्या डॉक्टरांचे आणि तिरफळ यांचे, दोघांचेही बरोबर आहे. लेप्टोमध्ये मूत्रपिंडाला अचानक इजा होते, पण अनेक रुग्णांची लघवी कमी होत नाही आणि रक्तातील पोटॅशियम चक्क घटते. या आजाराचे हे वैशिष्ट्यच आहे. तुम्हाला शहाळे अहवाल बघून दिले असणार. दीर्घकाळ झिजलेल्या मूत्रपिंडांत चित्र उलटे असते. कोणाला शहाळे चालेल हे पोटॅशियमचा आकडा बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

तुमच्या अनुभवातून आणखी एक मुद्दा पुढे येतो. लेप्टो, घोणस किंवा फुरसे यांचा दंश, तीव्र जुलाब यांतून होणारी इजा वेळेत उपचार मिळाले तर बहुधा भरून येते आणि डायालिसिस हा त्या काळापुरता आधार असतो. मुलांमध्येही असे प्रकार असतात. खरूज किंवा गळवे चिघळल्यावर काही आठवड्यांनी लघवी काळ्या चहासारखी होते, तोंड सुजते, रक्तदाब चढतो. स्ट्रेप्टोकोकस जंतूनंतर होणारा हा दाह मुलांमध्ये जवळजवळ नेहमीच पूर्ण बरा होतो, प्रौढांमध्ये तितकी खात्री देता येत नाही.

नळीवाला

मी रत्नागिरी जिल्ह्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. अहवालावर छापलेली क्रिएटिनिनची मर्यादा अनेक ठिकाणी मोठ्या माणसांचीच असते, ०.६ ते १.२ किंवा तत्सम, आणि मुलाचा आकडा तिच्यात बसला की पालक निश्चिंत होतात. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि लहान मुलाचे स्नायू थोडे असतात. मुलांसाठी उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन तिला ०.४१३ ने गुणायचे आणि क्रिएटिनिनने भागायचे, असे श्वार्ट्झ यांचे सूत्र वापरतात. खाडीकाठ यांच्या मुलाची उंची १०० सेंटिमीटर धरली तर ०.३ ला उत्तर शंभराच्या वर येते, म्हणजे गाळण उत्तम. त्याच उंचीच्या मुलाचे क्रिएटिनिन ०.९ असेल तर उत्तर ४६ येते, म्हणजे क्षमता निम्म्याहून कमी झालेली असते आणि कागदावर मात्र कुठेही लाल खूण नसते. मुलाच्या अहवालावर त्याची उंची लिहून घेण्याची पद्धत प्रत्येक लॅबने पाडायला हवी, असे माझे मत आहे.

बकुळ

नळीवाला यांनी जे लिहिले आहे ते आमच्या घरात घडले. माझ्या मुलाला जन्मतः मूत्रमार्गात पडदा होता. लघवीची धार कधीच जोरात पडत नसे, थेंबथेंब होई, आणि मोठा झाल्यावरही अंथरूण ओले होई. ‘मुलगे करतातच’ असे सगळे म्हणत. वारंवार ताप येई, त्यावर अँटिबायोटिक मिळे, पण लघवी तपासायला कोणी सांगितले नाही. एका ठिकाणी क्रिएटिनिन १ आले तेव्हा ते ‘नॉर्मल’ म्हणून आम्हाला परत पाठवण्यात आले. निदान झाले तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि उंची पाच वर्षांच्या मुलाएवढी होती.

पडदा दुर्बिणीने काढला. त्यानंतर रक्तदाबाचे औषध, रक्तातील आम्ल कमी करणारा सोडा, कॅल्शियम आणि हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शने चालू राहिली. अकराव्या वर्षी माझी किडनी त्याला दिली. त्यानंतर पहिल्या वर्षी त्याची उंची अशी वाढली की गणवेश दोनदा शिवावा लागला. प्रत्यारोपण म्हणजे पूर्ण बरे होणे, असे मात्र कोणी समजू नये. टॅक्रोलिमसची वेळ चुकवता येत नाही. जिवंत दात्याची किडनी साधारण पंधरा-वीस वर्षे साथ देते असे आम्हाला सांगितले आहे, म्हणजे त्याला आयुष्यात दुसरी लागणार हे गृहीत धरूनच आम्ही चालतो. आता तो सोळा वर्षांचा आहे, आणि मित्रांसमोर गोळी घ्यायला लाजतो हीच सध्याची आमची सर्वांत मोठी काळजी आहे.

मुलग्यांच्या आयांना एवढेच सांगते, लघवीची धार एकदा डोळ्यांनी बघा.

सुरंगी

बकुळताई, या धाग्यावरील सर्वांत उपयुक्त प्रतिसाद तुमचा आहे. मुलांच्या दीर्घकालीन मूत्रपिंडविकारात जन्मजात रचनादोषांचा वाटा सर्वांत मोठा असतो, तर प्रौढांमध्ये मधुमेह आणि रक्तदाब यांचा. गरोदरपणातील सोनोग्राफीत बाळाची मूत्रपिंडे फुगलेली दिसली असतील तर जन्मानंतर ती तपासणी पुन्हा करणे टाळू नये. रक्तदाबाचे म्हणाल, तर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील एका अभ्यासात रॅमिप्रिल हे रक्तदाबाचे औषध घेणाऱ्या ज्या मुलांचा रक्तदाब नेहमीपेक्षा अधिक काटेकोर ठेवला, त्यांची झीज मंदावल्याचे दिसले. मुलाचा रक्तदाब मोजायला लहान पट्टा लागतो आणि तो दवाखान्यात आहे का, हे पालकांनी विचारायला हरकत नाही.

सोळाव्या वर्षाची तुमची काळजी अगदी रास्त आहे. प्रत्यारोपित किडनी गमावण्याचा धोका किशोरवय आणि विशीचा आरंभ या काळात विशेष असतो, आणि गोळ्या चुकणे हे त्याचे मोठे कारण आहे.

घेटुळी

सगळ्यांनी आधुनिक औषधांचेच लिहिले आहे. पुनर्नवा आणि गोखरू यांचा काढा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सुजेवर दिला जातो. स्टेरॉईडसारखे उग्र औषध इतक्या लहान मुलाला देण्याआधी तो करून पाहायला काय हरकत आहे?

करवंद

हरकत अशी की सूज हे फक्त लक्षण आहे. लघवी वाढवून सूज उतरवता येईल, पण प्रथिने जातच राहतील, आणि तेवढ्या काळात जंतुसंसर्ग किंवा रक्ताची गुठळी झाली तर मूल दगावू शकते. आमच्या ओळखीत एका घराने गोळ्या थांबवून पुड्या सुरू केल्या आणि मुलाला पोटातल्या संसर्गाने अतिदक्षता विभागात ठेवावे लागले.

घेटुळी

एका उदाहरणावरून संपूर्ण शास्त्र मोडीत काढणे मला पटत नाही. पदवीधर वैद्य आणि पुड्या विकणारा यांत फरक आहे.

चाळिशीतला

तो फरक मान्य आहे. पण पुडीत काय आहे हे रुग्णाला कळत नाही, ही अडचण दोन्हीकडे राहते. मला बेचाळिसाव्या वर्षी नेफ्रोटिक सिंड्रोम झाला. मोठ्यांमध्ये कारणे अनेक असतात, म्हणून आधी बायॉप्सी केली. गाळण्यांचे पडदे जाड होणारा ‘मेम्ब्रेनस’ प्रकार निघाला आणि त्यात बहुतेकदा आढळणाऱ्या पीएलए२आर प्रतिपिंडाची रक्ततपासणी झाली. या प्रतिपिंडाचा शोध २००९ साली लागला. माझी ती चाचणी नकारात्मक आल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, की तुम्ही भस्म, पुड्या किंवा गोरेपणाचे मलम वापरता का? पाऱ्यामुळे हाच प्रकार होतो आणि केरळात गोरे होण्याच्या मलमांमुळे असे रुग्ण एकामागून एक सापडले आहेत. माझे कारण वेगळे निघाले, पण तेव्हापासून घरातील सगळ्या बाटल्या मी दिव्याखाली धरून वाचल्या. अर्ध्यांवर घटकच लिहिलेले नव्हते.

मुलांसारखी चार आठवड्यांत लघवी स्वच्छ होईल अशी अपेक्षा मोठ्यांनी धरू नये. ‘मिनिमल चेंज’ असला तरी प्रौढांना प्रतिसादासाठी कधी कधी चार महिने वाट पाहावी लागते.

भरतीओहोटी

म्हणजे गोरेपणाच्या नादात लघवी पांढरी. गंमत बाजूला ठेवून विचारतो, खाडीकाठ यांच्या आईंबद्दल कोणीच फारसे लिहिलेले नाही. सगळा धागा नातवाने व्यापला आहे.

सुईधागा

बरोबर आहे, म्हणून लिहितो. मी डायालिसिस तंत्रज्ञ आहे. ईजीएफआर १८ म्हणजे आज डायालिसिस लागत नाही, पण तयारीची वेळ आलेली आहे. आईंचा कमी वापराचा हात, बहुतेकांचा डावा, आतापासून राखून ठेवा. त्यातून रक्त काढू देऊ नका आणि सलाईन लावू देऊ नका. फिस्टुला, म्हणजे डायालिसिसच्या सुयांसाठी शीर आणि धमनी यांची जोडणी, त्याच हातात करतात आणि तो वापरण्याजोगा व्हायला निदान सहा-आठ आठवडे लागतात. तयारी नसलेला रुग्ण रात्री धाप लागून येतो, मग मानेत नळी घालावी लागते आणि तिथून संसर्गाची मालिका सुरू होते. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या पूर्ण बंद करा. मी पाहिलेल्या रुग्णांत या गोळ्यांनी जितके नुकसान केले आहे तितके पथ्य मोडून झालेले नाही.

आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ, हे कोकणातील वाडीवरून निभावणे कठीण असते. पावसात रस्ता बंद झाला तर डायालिसिसची एक पाळी चुकते आणि रुग्ण अंगात पाणी साठून येतो. म्हणून पोटातून करायच्या डायालिसिसबद्दल, म्हणजे सीएपीडीबद्दल, जरूर विचारा. दिवसातून तीन-चार वेळा पिशवी बदलण्याचे काम घरी करता येते, मात्र हात धुण्याची शिस्त लागते आणि बाहेर आलेले पाणी गढूळ दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते. लहान मुलांसाठीही हाच मार्ग अनेकदा निवडतात, कारण बारीक रक्तवाहिन्यांत सुया घालणे अवघड असते.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायालिसिसचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करा. रेल्वेत डायालिसिस किंवा प्रत्यारोपणासाठी जाणाऱ्या रुग्णाला आणि सोबतच्या एका व्यक्तीला तिकिटात सवलत मिळते.

बकुळ

आणि पुढे आईंच्या प्रत्यारोपणाचा विषय निघालाच, तर दाता म्हणून घरातल्या सुनेकडेच सर्वांनी आधी बघू नये. कायद्याप्रमाणे पती, मुलगे, मुली, भावंडे हे सगळे जवळचे नातेवाईक आहेत. आपल्याकडे देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे मी रुग्णालयाच्या बाकावर बसून पाहिले आहे.

खाडीकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सुरंगी आणि तिरफळ यांचे प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवले. मुलाच्या ताटात अंडे परत आले आहे. आईने ते मान्य केले, पण शहाळे स्वतःला बंद झाल्याचे तिला अजून पटलेले नाही. मुलाची लघवी औषध सुरू केल्यापासून बाराव्या दिवशी स्वच्छ आली आणि सलग तीन दिवस तशीच राहिली. सूज ओसरली आहे. आईच्या डाव्या हातावर ‘सुई नको’ असे पेनाने लिहूनच तिला आता तपासणीला नेतो.

एक तातडीचा प्रश्न आहे. शेजारच्या मुलीला काल कांजिण्या आल्या. परवा ती दिवसभर आमच्याकडे खेळत होती. मुलाला कांजिण्यांची लस दिलेली नाही. आता टोचून घ्यावी का?

सुरंगी

लस आता टोचू नका. ती जिवंत विषाणूची लस आहे आणि स्टेरॉईडच्या या डोसवर ती देत नाहीत. मात्र पुरळ येण्याची वाटही पाहू नका, कारण या मुलांमध्ये कांजिण्या गंभीर रूप घेऊ शकतात. आजच तुमच्या डॉक्टरांना फोन करून संपर्क कधी आला ते नेमके सांगा. प्रतिपिंडांचे इंजेक्शन शक्यतो ९६ तासांच्या आत द्यावे लागते. ते मिळत नसेल तर ॲसायक्लोव्हिरचा निर्णय ते घेतील. स्टेरॉईडचा डोस स्वतःहून कमी करू नका. न्यूमोकोकसच्या लशीबद्दलही याच भेटीत विचारा, ती जिवंत लस नाही.

खाडीकाठ

फोन झाला. इंजेक्शन कणकवलीत नाही, कोल्हापुरात उपलब्ध आहे. पहाटे निघतो. गगनबावड्याचा घाट सध्या चालू आहे का, कोणाला माहीत असल्यास कळवावे.

पडवीतला काका

आमचा पुतण्या आज दुपारी त्याच घाटाने आला, रस्ता चालू आहे. धुके फार आहे, त्यामुळे उजाडल्यावरच घाट चढा.